मामा आणि हटच्या दाराची वायर

तारेच्या तुकड्यावर आमच्या मामेसासऱ्यांइतका अविश्वास दाखवणारा माणूस साऱ्या महाराष्ट्रात झाला नसेल. साप दिसला की माणूस आधी दचकतो आणि मग तो विषारी आहे की बिनविषारी ते बघतो. मामांचं वायरींच्या बाबतीत तसंच होतं. फरक इतकाच की बिनविषारी वायर असू शकते हे त्यांना मान्यच नव्हतं. “वायर कसली का असेना, ती अँटेना असते,” ते म्हणायचे. “तू तिला सांग, बाई गं, तू टेलिफोनची आहेस, तू घंटीची आहेस. ती मान डोलावणार, आणि तुझी पाठ वळली की हवेतून येईल ते पीत बसणार.” एखाद्या घरी पाहुणे म्हणून गेले तरी यजमानांची चौकशी करण्याआधी मामांची नजर भिंतीवरून फिरायची. वायर लांबच लांब, सैल, खिळ्याखिळ्याला लोंबलेली दिसली की त्यांचा चेहरा, वयात आलेली मुलगी घरी उशिरा आल्यावर बापाचा होतो तसा व्हायचा.

मामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा, आणि नोकरीत माझे साहेब. नव्वदच्या दशकातली नवी मुंबई ती. वसाहती उगवत होत्या, रस्ते आधी आणि माणसं मागून येत होती. खाडीच्या कडेला, मिठागरांच्या पलीकडे रेडिओचं मध्यम लहरींचं प्रक्षेपण केंद्र होतं. स्टुडिओ शहरात, आमच्याकडे फक्त एक उंच मनोरा, एक बसकी इमारत, तिच्यात ट्रान्समीटर, आणि आजूबाजूला चिखल, बगळे आणि खारा वारा. मामा तिथले वरिष्ठ इंजिनियर, मी त्यांच्या हाताखाली. साताऱ्याकडचा माणूस, त्यामुळे नात्याचा आणि नोकरीचा घोळ त्यांना पसंत नव्हता. लग्नानंतर पहिल्याच दिवशी त्यांनी मला केंद्राच्या गेटापाशी उभं केलं आणि बजावलं, “ह्या गेटाच्या आत मी तुझा मामा नाही. गेटाच्या बाहेर मी तुझा साहेब नाही. ध्यानात ठेव लेका, नाहीतर दोन्हीकडनं जाशील.” आणि ते त्यांनी इतकं कडक पाळलं, की सकाळी त्यांच्याच स्कूटरवर मागे बसून जाताना गेटाबाहेर “मामींची कंबर कशी आहे?” हा माझा प्रश्न सुरू व्हायचा आणि गेट ओलांडल्यामुळे त्याचं उत्तर संध्याकाळी परत बाहेर पडताना मिळायचं.

मध्यम लहरींच्या मनोऱ्याशेजारी ज्यानं नोकरी केली नाही, त्याला मामांचा वायरींवरचा राग वेडेपणा वाटेल. मलाही सुरुवातीला वाटला. पण तिथे लोखंड गायचं. कुंपणाची तार एका जागी गंजून सैल झाली होती, तिथे कान नेला की भावगीत ऐकू यायचं. आमचा वॉचमन गोमा, जवळच्याच आगरी गावातला, पहिल्या आठवड्यात माझ्याकडे धावत आला होता. “सायेब, कुंपन बातम्या देतंय! पानी कुटं नाय येनार ते पन सांगतंय!” मनोऱ्याजवळ हातात नुसती ट्यूबलाइट धरून उभं राहिलं तर ती आपोआप उजळायची. गोमानं एकदा ती गावात नेऊन सगळ्यांना दाखवतो म्हणून पैज लावली. घरी नेल्यावर अर्थातच लागली नाही. पुढे कित्येक दिवस गावातली पोरं त्याला “काय गोमाशेठ, लाइट गेली का?” म्हणून विचारत होती. असं सगळं वातावरण, आणि त्यात आपल्या यंत्रांना हुकूम नेणाऱ्या बारीक बारीक वायरी. हुकूम बाजूलाच राहायचा आणि वायर भलतंच काहीतरी ऐकून आत सांगायची. मामांचं उभं आयुष्य या चहाडखोर वायरींचे कान उपटण्यात गेलं होतं.

दुर्दैवानं ते गेट ओलांडल्यावर साहेबपण सोडायचे, पण वायरी सोडायचे नाहीत. जुईनगरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये टीव्हीची वायर, फोनची वायर, फ्रीजची वायर, प्रत्येकीच्या गळ्यात काळं फेराइटचं कडं. वायर त्यातून तीन-चार वेढे घेऊन गेली की तिची आगाऊ सवय मोडते, असं ते म्हणायचे. ते खरंही आहे. पण जुईनगरला आमच्या मनोऱ्याचा त्रास मुळीच नव्हता. कपडे वाळत घालायला नायलॉनची दोरी, तार नाही. केबलवाला जोडणी द्यायला आला तेव्हा मामांनी त्याला केबलच्या जाळीचं टोक कसं जोडावं यावर इतकं सुनावलं, की तो म्हणाला, “काका, टेन्शन नका देऊ. केबल नको असेल तर सरळ नको सांगा ना.” मामी सगळ्या पाहुण्यांना सांगायच्या, “आता माझ्या मंगळसूत्राला तेवढं कडं घालायचं राहिलंय. तेही घालतील, पॉलिशला दिलेलं परत येऊ दे.” मामा यावर हसायचे नाहीत. मंगळसूत्राकडे बघायचे.

त्यांच्याजवळ एक पितळी पानडबा असायचा. मामा पान खात नव्हते. डब्याच्या कप्प्यांत कात, चुना, लवंगेच्या जागी निरनिराळे कपॅसिटर, बारीक मणी, तांब्याच्या पट्टीचे तुकडे. माझ्या बघण्याच्या कार्यक्रमात हा डबा टीपॉयवर होता. पोहे झाले, चहा झाला, आणि माझ्या वडिलांनी सवयीनं डबा उघडून एक तपकिरी गोल चकती उचलली आणि जिभेवर ठेवली. मुलगी समोर बसलेली. वडिलांनी ती चकती या गालातून त्या गालात फिरवली, आणि सभ्यपणे विचारलं, “ही कुठली सुपारी म्हणायची?”

“पॉइंट झिरो वन,” मामा म्हणाले. “चावू नका. चांगल्यापैकी आहे.”

माझं लग्न त्या दिवशी मोडलं नाही, याचं श्रेय वडिलांच्या दातांना आहे.

आणि पॉलिश पेपर! शर्टाच्या वरच्या खिशात, पेनाच्या मागे, कायम घडी घातलेला. दोन धातू एकमेकांना रंगावरून टेकलेले त्यांना बघवत नसत. “रंगाला रंग टेकला म्हणजे भेट झाली असं नाही. तो लांबून नमस्कार,” ते म्हणायचे आणि रंग खरवडायला लागायचे. सोसायटीचं गेट नवीन रंगवलं होतं. त्यावर त्यांनी बिजागरीजवळ चार बोटं रुंद चकचकीत खिडकी पाडली, कारण गेटाला अर्थिंग नीट नव्हतं. गेटाला अर्थिंग कशाला, असं सेक्रेटरीनं विचारलं. मामांनी त्याला अर्धा तास समजावलं. शेवटी सेक्रेटरीनं हात जोडले आणि स्वतः ब्रश आणून ती खिडकी रंगवली. दुसऱ्या सकाळी ती परत उघडी.

इथपर्यंत मी हसत लिहीत आलो. आमच्या घरातही मामांची आठवण निघाली की हेच किस्से निघतात आणि मीच ते सांगतो. मी तसा न बोलणारा माणूस. पण हे किस्से मला घडाघडा येतात, कारण यांच्या मागे मला लपता येतं. आता पन्नाशी उलटल्यावर लपण्यात काही राम राहिलेला नाही. म्हणून दाराच्या वायरीबद्दल लिहितो.

मनोऱ्याच्या पायथ्याशी एक पत्र्याची खोली होती. तिला आम्ही हट म्हणायचो. ट्रान्समीटरची सगळी ताकद जाड केबलमधून या हटमध्ये यायची आणि तिथल्या तांब्याच्या नळीच्या मोठ्या वेटोळ्यातून मनोऱ्यावर चढायची. चालू असताना त्या वेटोळ्याला हात लागणं म्हणजे संपलं. म्हणून हटच्या दारावर आतल्या बाजूनं, वेटोळ्यापासून हातभरावर, एक छोटा स्विच होता. दार उघडलं की स्विच सुटायचा, त्याची खबर एका लांब वायरीतून कंट्रोल रूममध्ये जायची आणि ट्रान्समीटर तत्क्षणी बंद पडायचा. याला आम्ही इंटरलॉक म्हणायचो. नियमाप्रमाणे आत जाणाऱ्यानं आधी फोन करून बंद करायला सांगायचं आणि मग दार उघडायचं. पण हटमधला फोन हा मामांच्या आयुष्यातला एकमेव पराभव होता. त्यात काही केल्या माणसाचा आवाज येत नसे. जो कार्यक्रम चालू असेल तोच यायचा. आपण ओरडायचं “बंद करा,” आणि पलीकडच्याला कीटकनाशकाच्या फवारणीचा सल्ला. त्यामुळे आमच्याकडे एक रीत पडली होती, मामांनीच पाडलेली: बंद करायचंय ना, दार उघडा. ट्रान्समीटर गेला की कंट्रोल रूमला कळायचं, हटमध्ये माणूस आहे. ते दारच आमचा टेलिफोन होतं. वर्षानुवर्षं असं चाललं होतं.

मग नवीन कंट्रोल पॅनल आलं. जुन्या पॅनलमधले रिले म्हणजे जाड कातडीचे म्हातारे, त्यांना वायरीत काय कुजबुज चाललीय याचं सोयरसुतक नव्हतं. हे नवीन इलेक्ट्रॉनिक, नाजूक कानाचं. दाराच्या त्या लांब वायरीत मनोऱ्याचा आरएफ, म्हणजे रेडिओच्या लहरी, शिरायचा आणि पॅनलला वाटायचं, दार उघडलं. खट्! ट्रान्समीटर बंद. दार मुकाट्यानं लावलेलं, आत कोणी नाही, आणि इकडे बातम्यांच्या ऐन मध्यावर सगळं गप्प. दिवसातून कितीदा तरी. ती शांतता ज्यानं ऐकली नाही त्याला सांगून कळणार नाही. पंख्याच्या आवाजाखालचा ट्रान्समीटरचा घुमारा थांबला की हातातलं काम टाकायचं. सुरू करायला धावायचं, आणि मग वरून फोन: का बंद पडलं, कोणी पाडलं, लेखी खुलासा द्या. आम्ही एकमेकांशी बोलेनासे झालो. चहा पिताना सगळ्यांचे कान त्या घुमाऱ्याकडे. मामांनी वायर बदलली, जाळीचं कवच असलेली घातली, कडी चढवली, पानडबा रिकामा केला. ट्रिप, म्हणजे हे खोटं बंद पडणं, कमी झाल्या, थांबल्या नाहीत. “कुठंतरी एक भोक राहिलंय,” मामा म्हणायचे. “बादलीला एकच भोक असलं तरी बादली गळतेच.”

अशात विभागाचे मोठे साहेब पाहणीला येणार असं ठरलं. नवीन पॅनल त्यांनीच मंजूर केलेलं. फोनवर मामांना ते म्हणाले, की पॅनल उत्तम आहे, तुमची माणसं नालायक आहेत. मी आल्यावर एक जरी ट्रिप झाली तरी बघून घेतो. मामांनी फोन ठेवला आणि पॉलिश पेपर काढून टेबलाची कड घासत बसले. मामांच्या निवृत्तीला थोडाच अवधी उरला होता. माझी बढती साहेबांच्या सहीवर अडली होती.

साहेब यायच्या आधी मी पॅनलच्या मागच्या बाजूला गेलो आणि दाराच्या वायरीची जी दोन टोकं तिथे येत, ती एका वीतभर लाल वायरीनं एकमेकांना जोडून टाकली. आता पॅनलच्या मते दार कायमचं बंद. आरएफ काही का कुजबुजेना, ट्रिप नाही. पण दार खरोखर उघडलं, तरीही ट्रिप नाही.

मी काय करतोय हे मला पूर्ण माहीत होतं. मी स्वतःला सांगितलं, मामांसाठी करतोय, शेवटी शेवटी त्यांना डाग नको. ते थोडं खरं होतं. जास्त खरं ते तुम्ही ओळखलंच असेल. हटची किल्ली बोर्डावरून काढून मी माझ्या खिशात टाकली. म्हटलं, साहेब जाईपर्यंत हटकडे कोणी फिरकणार नाही, मग लाल वायर काढून टाकू.

ट्रिप थांबल्या. केंद्रात दिवाळी. गोमा म्हणाला, “शिवरात्रीचा उपास केला मी, म्हनून देव पावला.” सगळ्यांच्या चेहऱ्यावर रक्त आलं, एक मामा सोडून. मामांची झोप उडाली. “थांबलं कसं?” ते मला विचारायचे. “मी काय केलं म्हणून थांबलं? लेका, आलेला बिघाड परवडला. न सांगता गेलेला बिघाड दाराआड उभा असतो.” जेवणाचा डबा उघडून तसाच ठेवायचे. पॅनलसमोर खुर्ची टाकून त्याच्याकडे बघत बसायचे, ज्योतिष्यानं कुंडली बघावी तसे. रोज एकेक संशयित तपासायला घेतला. आज जमिनीतली केबल. आज कडी. आज कपॅसिटर. मी त्यांच्याबरोबर बॅटरी धरून फिरत होतो, आणि ते पॅनलच्या मागे वाकले की मी उजेड दुसऱ्याच कोपऱ्यात न्यायचो. “नीट धर की,” ते म्हणायचे. “तुला काय झालंय? बढतीचं टेन्शन?” एकदा त्यांची बोटं लाल वायरीपासून दोन टर्मिनल अलीकडे थांबली, आणि तेवढ्यात गोमानं चहा आणला. मी आयुष्यात कुणाच्या चहावर इतकं प्रेम केलं नाही.

त्या क्षणी सांगून टाकायला हवं होतं. नाही सांगितलं.

साहेब आले. उंच, सुवासिक, प्रत्येक वाक्याच्या शेवटी समोरच्याकडून मान हलवून घेणारे. मामा स्वागताला थांबले, हार घातला आणि म्हणाले, “हा आहे तुमच्याबरोबर. मला जरा काम आहे.” साहेबांना ते आवडलं नाही, पण मला हायसं वाटलं; मामा समोर नसले की पॅनलच्या मागे कोणी जाणार नव्हतं. दुपारची सभा, म्हणजे दुपारचं प्रसारण, संपली. एरवी सभा संपली की आम्ही ट्रान्समीटर बंद करायचो. साहेब म्हणाले, “राहू दे चालू. पूर्ण ताकदीवर किती वेळ टिकतो बघू तुमचा.” मी चालू ठेवला.

आता हे नीट सांगतो. कार्यक्रम चालू असताना हटमधलं वेटोळं बारीक आवाजात बोलत, गात असे. बाहेरूनही ऐकू यायचं. कार्यक्रम संपला आणि ट्रान्समीटर नुसताच चालू ठेवला, की ते गप्प. ताकद तेवढीच, आवाज काही नाही. हटपाशी उभ्या असलेल्या माणसाला वाटणार, दुपारची सभा संपली, नेहमीसारखं बंद झालं. आणि समजा नसलंच झालं, तरी दार उघडलं की होईलच.

कंट्रोल रूमची खिडकी मनोऱ्याकडे उघडते. साहेबांच्या खांद्यावरून मला बांधावरून चालत जाणारे मामा दिसले. रबरी बूट, डोक्यावर रुमाल, हातात पाना. रोज एकेक संशयित तपासत ते आता शेवटच्या संशयिताकडे निघाले होते: दारावरचा स्विच. माझा हात खिशातल्या किल्लीवर गेला. किल्ली होती. मी म्हटलं, कुलूप बघतील आणि परत येतील. मामा दाराशी थांबले. कमरेचा जुडगा काढला. हटच्या कुलपाची दुसरी किल्ली त्यांच्या घरच्या किल्ल्यांमध्ये असेल, हे मला सुचलंच नव्हतं.

माझ्या समोर, हाताच्या अंतरावर, ट्रान्समीटरचं लाल बटण. साहेब काहीतरी सांगत होते, माझ्याच दंडावर हात ठेवून, आणि मधे तोडायचं म्हणजे का तोडलं ते सांगावं लागणार होतं. दार उघडलेलं मी पाहिलं. मीटरचा काटा हलला नाही. तो हलणार नाही हे जगात फक्त मला माहीत होतं. मामांनी पाना वर केला.

मी साहेबांचं वाक्य पुरं होऊ दिलं. मग बटण दाबलं.

घुमारा थांबला. साहेबांनी बटण दाबलेलं पाहिलंच नव्हतं; ते म्हणाले, “गेला ना पुन्हा?” मी खिडकीकडे बघत होतो. हटच्या दारात कोणी दिसत नव्हतं. मी पळत सुटलो असं मी नंतर स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे मी बटणावर बोट ठेवून तिथेच उभा होतो. मग मामा बाहेर आले. उजवा हात रुमालात गुंडाळलेला. ते बांधावरून नेहमीच्याच चालीनं आले, आत आले, आणि साहेबांना म्हणाले, “मी दार उघडलं. म्हणून गेला.”

“म्हणजे इंटरलॉक व्यवस्थित आहे तर.”

“एकदम व्यवस्थित,” मामा म्हणाले.

ज्या माणसानं कधी मीटरचं वाचन अर्ध्या रेघेनं चुकवून सांगितलं नव्हतं, त्याच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलंच खोटं. साहेब गेल्यावर मामा पॅनलच्या मागे गेले. डाव्या हातानं स्क्रू सोडवत असल्यानं त्यांना वेळ लागला. मी पुढे बसून होतो. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात काही नव्हतं, पण वरच्या खिशात, पॉलिश पेपरच्या मागे, लाल टोक दिसत होतं. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. “स्कूटर तू चालव,” एवढंच म्हणाले. गेट आलं, गेट मागे पडलं. आता साहेब नाहीत, मामा आहेत, आता बोलतील, म्हणून माझी पाठ ताठ झाली होती. जुईनगर आलं तेव्हा मागून आवाज आला, “स्पीडब्रेकर सावकाश घे. हात दुखतोय.”

पहिल्या दोन बोटांची टोकं आतून भाजली होती. आरएफनं भाजलेलं वरून लहान पांढरं दिसतं आणि आत खोल गेलेलं असतं. डॉक्टर म्हणाले, बोटं वाचली. हात अजून थोडा पुढे असता तर बोटांचा प्रश्नच उरला नसता. मामींना मामांनी केंद्रावरच्या कुकरची वाफ लागली असं सांगितलं. “तुम्ही आणि कुकर?” मामी म्हणाल्या. “तीस वर्षांत शिट्टी झाली तर बंद करायला उठला नाहीत तुम्ही.”

पट्टी बांधलेल्या हातानंच त्यांनी ते भोक शोधून काढलं. नवीन पॅनलच्या पत्र्याला कारखान्यातून आलेला जाड रंग होता, आणि वायरीच्या जाळीचं अर्थिंग त्या रंगावर टेकलेलं होतं. लांबून नमस्कार. मामांनी रंग खरवडला, रुंद तांब्याची पट्टी बसवली, वायर आत शिरते तिथेच प्रत्येक टर्मिनलला एकेक कपॅसिटर लावला, आणि मला म्हणाले, “दार उघडून बघ. आधी इथनं बंद करून, मग.” त्यानंतर ट्रान्समीटर दारामुळे एकदाही खोटा पडला नाही. दार उघडून बंद करायची रीतही त्यांनी त्याच दिवशी मोडली. फोनच्या जागी हटपाशी लाल-हिरवा दिवा बसवला. माझी बढती झाली. मामांनी पेढे मागून घेतले आणि डाव्या हातानं खाल्ले.

निवृत्तीनंतर ते मुलाकडे कामोठ्याला राहायला गेले. उजव्या हाताच्या त्या दोन बोटांना स्पर्श कळायचा नाही, पोथीचं पान उलटताना एकदम तीन-चार पानं जायची आणि मामी ओरडायच्या, “अहो, अध्याय गेला!” मी दर महिन्याला जायचो. एका दुपारी मामी शेजारी गेल्या होत्या, आणि मी बोललो. कसं कोण जाणे, पण बोललो.

“मामा, ती लाल वायर मी लावली होती.”

“मग गोमानं लावली असं मला वाटलं असेल का?”

“मला माहीत होतं, तुम्ही दार उघडूनच बंद करता.”

त्यांनी समोरची पोथी मिटली. खाली कोणीतरी भंगारवाल्याशी घासाघीस करत होतं. मग म्हणाले, “बटण कोणी दाबलं?”

“मीच.”

“मला दार उघडताना बघितलंस?”

“बघितलं.”

“मग?”

“साहेब बोलत होते. त्यांचं वाक्य चाललं होतं. ते संपेपर्यंत...”

मामांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मीटर चुकीचं दाखवतंय की बरोबर, हे बघावं तसं. “काय म्हणत होते?”

मी तोंड उघडलं, आणि माझ्या लक्षात आलं की मला ते आठवत नाही. त्या खोलीतलं सगळं आठवतं, मीटरचा काटा, साहेबांच्या अत्तराचा वास, बांधावरचा बगळा. ते वाक्य तेवढं नाही. “आठवत नाही, मामा.”

“आठव की,” मामा म्हणाले. “एवढं महत्त्वाचं होतं म्हणतोस.”

त्यांनी मला आयुष्यात दिलेली शिक्षा ती एवढीच. त्यानंतर मी कामोठ्याला गेलो की दार उघडता उघडता ते विचारायचे, “आठवलं का रे?” सुरुवातीला मी चपला काढायच्या निमित्तानं खाली वाकायचो. पुढे पुढे ते हसत विचारू लागले, मग मीही हसायला लागलो, आणि मामी म्हणायच्या, “काय ते एकदा आठव बाबा, म्हणजे ह्यांचं समाधान तरी होईल.” शेवटी शेवटी त्यांना माणसं ओळखू येत नव्हती. माझ्या बायकोला ते दोनदा डॉक्टरीण समजले. मला मात्र बघितलं की ओठ हलायचे, आणि मी वाकून सांगायचो, “नाही मामा, अजून नाही.”

अजून नाही. प्रयत्न करतो. आता कोणी विचारत नाही.